पाऊण मीटरचे रूळ, नऊ मिलिमीटरचे रूळ

नांदेड आणि लातूर हे शेजारी जिल्हे. बोली जवळजवळ एक, पिके एक, दुष्काळही एकच. पण रेल्वेच्या नकाशावर ही दोन गावे बराच काळ दोन निराळ्या जगांत होती. नांदेडला आलेली गाडी मनमाड ते सिकंदराबाद या निजामाच्या मार्गावरची. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झालेल्या या मार्गाच्या रुळांतील अंतर बरोबर १ मीटर होते. लातूरला १९११ साली पोचलेली गाडी बार्शी लाइट रेल्वेची. तिचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे. आणि मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी गाडी धावत होती साडेपाच फुटांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरवर. मराठवाड्यातल्या माणसाला 'गेज' हा शब्द भौतिकशास्त्राच्या तासाला शिकावा लागला नाही. कुर्डुवाडीला डोक्यावर वळकटी घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढताना तो आपोआप समजे.

आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या छांदिष्टालाही पहिल्याच दिवशी हाच शब्द भेटतो. हा छंद युरोप-अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे, जपानमध्ये घराघरांत आहे, आणि आपल्याकडे थोडा महाग म्हणून थोड्यांचाच आहे. पण शाळेच्या दृष्टीने पाहिले तर प्रमाण, घनफळ, घर्षण, विद्युतमंडल आणि इतिहास हे सगळे एका टेबलावर आणणारे दुसरे साधन मला तरी माहीत नाही. आणि मराठवाड्याच्या रुळांची गोष्ट या टेबलावर मांडून पाहिली की ती फार वेगळी दिसते.

आधी प्रमाणाचा घोळ निस्तरू. जर्मनीतील मार्कलिन या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीच्या आगगाड्या रुळांसह मांडल्या आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. तोवर प्रत्येक कारागिराचे खेळणे आपल्याच रुंदीचे असे. क्रमांक ठरल्यामुळे आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेला डबा जोडता येऊ लागला. क्रमांक १, २, ३ असे होते. नंतर त्याहून लहान गाडी हवी झाली तेव्हा तिला शून्य क्रमांक मिळाला. पुढे शून्याचाही निम्मा आकार निघाला. निम्म्याला इंग्रजीत 'हाफ', म्हणून 'हाफ झीरो', आणि शून्याला इंग्रजीत 'ओ' म्हणण्याची सवय असल्याने 'एचओ'. आज जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण हेच: मूळ वस्तूच्या १/८७. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मि.मी. रुळांना ८७ ने भागले की १६.५ मि.मी. येतात.

इंग्रजांनी यात एक गंमत करून ठेवली. त्यांची इंजिने अंगाने लहान, कारण त्यांचे बोगदे आणि पूल लवकर बांधलेले आणि अरुंद. १/८७ प्रमाणात त्या इंजिनाच्या पोटात तेव्हाच्या विजेच्या मोटारी मावेनात. मग त्यांनी गाडी थोडी मोठी केली, एका फुटाला ४ मि.मी., म्हणजे १/७६. रूळ मात्र १६.५ मि.मी.चेच ठेवले. त्यामुळे इंग्लंडमधली बहुसंख्य मॉडेले आजही जणू ४ फूट दीड इंच रुळांवर धावतात, आणि खरे अंतर आहे ४ फूट साडेआठ इंच. तडजोड एकदा प्रमाण म्हणून बाजारात बसली की ती काढणे किती कठीण, याचे हे चांगले उदाहरण.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय ब्रॉड गेज १/८७ मध्ये बनवायचे तर रूळ १९.३ मि.मी. हवेत, तसे तयार रूळ सहज मिळत नाहीत. मिळणाऱ्या १६.५ मि.मी. रुळांवर भारतीय डबा बसवला की तो बांगडीत अडकलेल्या हातासारखा दिसतो. पण इंग्लंडमध्ये एका फुटाला ३ मि.मी. असेही एक कमी प्रचलित प्रमाण आहे. आपले रूळ साडेपाच फुटांचे. साडेपाच गुणिले तीन? बरोबर १६.५! म्हणजे गाडी त्या प्रमाणात बांधली, तर जगभर मिळणारे रूळ भारतीय ब्रॉड गेजला एका केसाचाही फरक न पडता लागू होतात. हा योगायोग आहे, पण मुलांकडून काढून घेण्याजोगा आहे.

लातूरच्या जुन्या गाडीचे नशीब याहून चांगले. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मि.मी. आणि बाजारात 'एन' नावाचे ९ मि.मी.चे रूळ सर्रास मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. नांदेडच्या मीटर गेजला ११.५ मि.मी. लागतात; त्यासाठी १२ मि.मी.चे रूळ आहेत. शिवाय वळणाचा हिशेब पाहा. भारतीय रेल्वेच्या नियमांत ब्रॉड गेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात, मीटर गेजवर १०९ आणि ७६२ मि.मी.च्या नॅरो गेजवर फक्त ४४. यांना ८७ ने भागा. ब्रॉड गेजचे वळण टेबलावर बसवायला २ मीटरची त्रिज्या हवी, म्हणजे वर्गखोलीच गेली. नॅरो गेजचे वळण अर्ध्या मीटरमध्ये बसते. मोठ्या रुळांच्या मॉडेलवाल्यांना वळणाच्या बाबतीत सतत लबाडी करावी लागते; बार्शी लाइट बनवणाऱ्याला ती करावी लागत नाही.

ही गाडी आणणारा माणूसही प्रमाणाच्या हिशेबातच रमणारा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्गापासून वीस मैल दूर. माल बैलगाड्यांनी 'बार्शी रोड' स्टेशनवर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, यायचा. एवढ्या मालासाठी साडेपाच फुटी मार्ग परवडणारा नव्हता. अडीच फुटी रूळ भारतात नवे नव्हते. बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलुखात डभोईला १८६२ सालीच ते टाकले होते आणि सुरुवातीला त्यांवर गाडी बैलांनी ओढली. पण तोवरची समजूत अशी, की लहान रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची जुजबी, हलकी नक्कल.

कॅलथ्रॉपने नक्कल केली नाही. त्याने एकच आकडा पकडला: कोणत्याही एका आसावर ५ टनांहून अधिक भार नको, मग ते इंजिन असो की वाघीण. एकदा हा आकडा ठरला की बाकीचे आपोआप ठरत गेले. भार ५ टन म्हणून रूळ यार्डाला ३० पौंडांचा पुरे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. (आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो.) रूळ हलका म्हणून पूल हलका, भराव कमी, खर्च कमी. पण इंजिनाला ओढ हवी, आणि ओढ मिळते ती चालत्या चाकांवर पडणाऱ्या वजनातून. आसावर ५ टनच टाकायचे तर चालते आस वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याच्यासाठी चार चालत्या आसांचे, आठ जोडचाकांचे इंजिन केले. चार आसांवर २० टन वजन; कोरड्या रुळावर चाक न घसरता त्याच्या साधारण पाव पट ओढ मिळते असे धरले तर ५ टन. वाघिणीही दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या, चार आसांच्या, भरल्यावर २० टनांच्या आत.

भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे एक छोटा चाचणी मार्ग टाकून त्याने ही इंजिने आणि वाघिणी इंजिनिअरांना चालवून दाखवल्या. मला हा प्रसंग फार आवडतो. त्या चाचणी मार्गाला मी तर पूर्णाकृती मॉडेलच म्हणेन. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूरला फाटा गेला आणि वारकऱ्यांची गर्दी या चिमुकल्या गाडीला मिळाली. १९०७ मध्ये तडवळे, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतले लातूर, आणि १९२७ मध्ये मिरज. सगळे मिळून दोनशे मैलांवर. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेकडे आला. (कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याचा ध्यास घेतला, पण ती वेगळी कथा.)

खेळण्यातली आणि खरी रेल्वे यांच्यातली रेघ तशीही पुसटच आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची विजेची आगगाडी आहे; ती इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीची. मद्याच्या बाटल्या आणि सिगारच्या डब्या घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे, आणि कोणी बाटली उचलली की थांबे, कारण बाटलीच्या वजनाने जोडला गेलेला विद्युतमंडलाचा दुवा तुटे. याच माधवराव शिंद्यांनी दोन फुटी ग्वाल्हेर लाइट रेल्वेही चालवली. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने मँचेस्टरला सिग्नलवाल्यांना शिकवण्यासाठी मोठे मॉडेल उभारले होते, आणि आपल्या रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांतही अशा 'मॉडेल रूम' असतात. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबात टेबलाखालच्या वायरी आणि टेलिफोनचे रिले यांत रमणारी मुले पुढे पहिल्या संगणकांकडे वळली. 'हॅकर' हा शब्द आजच्या अर्थाने त्यांच्यातच रुळला. (रुळला, हे क्रियापद इथे अगदी चपखल.)

महाराष्ट्रात या छंदाचे सार्वजनिक घर पुण्याला आहे. कोथरूडमधील 'जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय' १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बांधलेल्या एचओ प्रमाणातल्या गाड्यांचे हे एक धावते शहर आहे. सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गाड्या मुले आपोआप पाहतातच; त्यांना सिग्नल पाहायला सांगा. एक गाडी एका टप्प्यात असेपर्यंत दुसरी त्यात शिरत नाही, हे कोण सांभाळते, ते मुलांनी पाच मिनिटे नुसते बघून ओळखावे.

आता टेबलावर गाडी मांडली की ती बिघडणारच, आणि बहुतेक बिघाडांचे मूळ एकच असते: गाडी लहान होते, पण निसर्गाचे नियम लहान होत नाहीत. लांबी ८७ पट कमी झाली की क्षेत्रफळ ७,५६९ पट कमी होते आणि घनफळ ६,५८,५०३ पट. समजा ३० टनांचे इंजिन त्याच धातूंत हुबेहूब लहान केले, तर त्याचे वजन भरेल सुमारे ४६ ग्रॅम, एका अंड्याएवढे. एवढ्या वजनाने चाक रुळावर दाबले जात नाही, त्यामुळे ते घसरते, आणि त्याहून वाईट म्हणजे रुळातली वीज चाकात नीट शिरत नाही. म्हणून मॉडेलवाला इंजिनाच्या पोटात शिशाचे तुकडे भरतो. कॅलथ्रॉपची खटपट वजन पसरवून आसावरचा भार कमी ठेवण्याची. याची खटपट तो वाढवण्याची!

दुसरी तक्रार: गाडी चालता चालता एका जागी गपकन थांबते. खरी गाडी तशी का थांबत नाही? ताशी ३० कि.मी. वेगाची गाडी वाफ बंद केली तरी काहीशे मीटर घरंगळत जाते. समजा ७०० मीटर. टेबलावर ते ८ मीटर व्हायला हवेत. पण थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग ८७ ने भागला तर अंतर ८७ च्या वर्गाने भागले जाते, आणि घर्षणाचे मान तेच धरले तरी हाती उरतात जेमतेम ९ सें.मी. प्रत्यक्षात दातेचक्रांमुळे तेवढेही उरत नाहीत. त्यामुळे रुळावर मळाचा एक ठिपका आला, क्षणभर वीज तुटली, की गाडी तिथेच. उपाय दोन. मोटारीच्या दांड्यावर पितळेचे छोटे जडचक्र बसवायचे, म्हणजे ते क्षणभर गाडी पुढे रेटते. आणि रूळ साफ ठेवायचे: स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने, पॉलिश पेपरने नव्हे. पॉलिश पेपरचे ओरखडे पुढचा मळ धरून ठेवतात. रूळ जर्मन सिल्व्हरचे असतील तर ते उशिरा काळवंडतात. (नावात चांदी आहे, धातूत तांबे, जस्त आणि निकेल, चांदी कणभरही नाही.)

गाडी लांबच्या टोकाला मंदावत असेल तर बहुधा मोटार निर्दोष असते. मल्टिमीटर घेऊन रुळावरचा दाब मोजत जावे. स्रोताजवळ १२ व्होल्ट आणि टोकाला ९ असतील, तर तीन व्होल्ट रुळांच्या सैल सांध्यांनी खाल्ले. दर मीटर-दीड मीटरवर खालून एक जाड वायर आणून डाग दिला की प्रश्न मिटतो. ओहमचा नियम फळ्यावर ज्याला कंटाळवाणा वाटला, त्याला इथे तो हातात सापडतो. आणि गाडी घसरत असेल तर रुळांआधी चाके तपासा. आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर अर्धा मिलिमीटर चुकले, तरी ती सांध्यावरून जाताना चढतात.

एक कोडे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी. दोन रुळांपैकी एक धन, एक ऋण. मार्ग पिशवीच्या बंदासारखा गोल फिरवून परत स्वतःलाच जोडला, म्हणजे गाडी उलट तोंडाने परत येईल. असे केले की गाडी न ठेवताच विजेचा लघुमंडल होतो. का, आणि तो टाळायला रूळ कुठे कुठे तोडावे लागतील? कागदावर दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन सोडवावे.

वेगाचे मात्र मुलांना आवर्जून सांगावे लागते. त्यांना गाडी पळवायची असते. टेबलावर सेकंदाला १ मीटर म्हणजे खऱ्या जगात ताशी ३१३ कि.मी. ताशी ३० कि.मी.ने धावणारी लातूरची गाडी दाखवायची, तर तिने सेकंदाला साडेनऊ सें.मी. सरकायचे. दोन मीटरचे टेबल ओलांडायला एकवीस सेकंद. मुले कंटाळतात. बार्शी ते कुर्डुवाडी हे २१ मैल या प्रमाणात सुमारे ३९० मीटर होतात, म्हणजे धावण्याच्या शर्यतीच्या मैदानाला जवळजवळ एक पूर्ण फेरी. शाळेच्या मैदानावर फक्की टाकून एकदा हे अंतर आखावे, आणि एका मुलाला सेकंदाला साडेनऊ सें.मी.च्या गतीने चालायला सांगावे. त्याला तासाहून थोडा जास्त वेळ लागेल, तेवढाच खऱ्या गाडीला त्या वेगाने लागला असता. कापसाचा व्यापारी मात्र या गाडीला कंटाळला नसावा; त्याची तुलना बैलगाडीशी होती.

पण पुढे तुलना बदलली. रुळांचे रुंदीकरण ही मराठवाड्याच्या विकास आंदोलनातली एक मुख्य मागणी झाली, आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. मनमाड–औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) मार्ग १९९२ मध्ये ब्रॉड गेज झाला आणि त्याच दशकात रुंद रूळ नांदेडला पोचले. लातूर–कुर्डुवाडीचे काम २००७-०८ मध्ये पुरे झाले. नव्या मार्गाने वळण घेऊन धाराशिवलाही (तेव्हाचे उस्मानाबाद) जोडले; जुनी गाडी त्या गावाला बाजूला ठेवून येडशीवरून जात असे. मिरजेचा टप्पा त्यानंतर झाला.

या मागणीत किती तथ्य होते, ते २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला दिसले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेत २५ लाख लिटर, म्हणजे २,५०० टन पाणी. आली ती मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर याच जुन्या बार्शी लाइटच्या दिशेने. आता कॅलथ्रॉपचा आकडा लावून पाहा. आसावर ५ टन, चार आस, भरलेली वाघीण २० टन. तिचे स्वतःचे वजन ५ टन धरले तर पाणी १५ टन. २,५०० टनांना १६७ वाघिणी लागल्या असत्या, आणि त्या ओढायला एक-दोन नव्हे, अनेक इंजिने. ज्या पाच टनांनी १८९७ मध्ये रेल्वे परवडण्याजोगी केली, त्याच पाच टनांनी शंभर वर्षांनी तिची मर्यादा ठरवली. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला; तो अर्थातच १६७६ मि.मी.चा.

जुन्या गाडीबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे, पण कोणी ती परत मागणार नाही. मात्र तिचे मोजमाप नीट झालेले नाही, याची मला जास्त काळजी वाटते. इंजिनांची चित्रे इंग्लंडमधल्या पुस्तकांत सापडतात, कारण कॅलथ्रॉपच्याच हाताखाली तिकडे झालेली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे (१९०४) तिथल्या छांदिष्टांची लाडकी आहे. मॉडेल बांधू लागले की चित्रे पुरत नाहीत. फलाटाची उंची किती होती? डब्याच्या खिडकीला झडप होती की गज? स्टेशनच्या पाटीवर गावाचे नाव कोणकोणत्या लिप्यांत होते आणि वर कोणती? पाण्याच्या टाकीचे पाय दगडी की लोखंडी? आगगाडीचा तपशील म्हणजे हेच, आणि तो छापील पुस्तकात नसतो. तो कुर्डुवाडीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसांना, मुरुड-ढोकीच्या बाजारकऱ्यांना, आणि ज्यांच्या घरात लग्नाच्या वऱ्हाडाचा फलाटावरचा एखादा फोटो आहे त्यांना ठाऊक असतो.

नवा मार्ग जिथे जुन्याला सोडून गेला, तिथे भराव आणि मोऱ्या शोधता येतील. लातूर-बार्शी भागातील नववीच्या एखाद्या वर्गाने वीस मीटरची फीत, ओळंबा आणि वही घेऊन एक मोरी मोजावी: गाळा, उंची, दगडाच्या थरांची जाडी, भरावाच्या माथ्याची रुंदी. फोटो काढताना शेजारी एक मीटरची पट्टी उभी धरावी. वर्गात आल्यावर प्रत्येक मापाला ८७ ने भागून ती मोरी पुठ्ठ्याची करावी, आणि तिच्यावरून नऊ मिलिमीटरचे रूळ न्यावेत. गाडी नंतर मिळेल तेव्हा मिळेल. ती पाच टनांच्या आसाची आहे की नाही, हे मोरीच्या मापांवरून तपासता येते का, ते पाहण्यात एक सबंध सत्र जाईल.